ठणठणीत असल्याचा दाखला

शेवंताक्कांनी सूतगिरणीत तीस वर्षं कापसाची धूळ गिळली होती. गावात छातीचे डॉक्टर तीन, पण सरकारी योजनेचं कार्ड घेणारे एकच. त्यांच्या इस्पितळात योजनेची खिडकी तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद.

अक्का अर्ज घेऊन धापा टाकत पोचल्या. खिडकीतले साहेब म्हणाले, "तीन जिने चढून आलात की मावशी. फुप्फुसं ठणठणीत आहेत तुमची. योजना आजारी माणसांसाठी असते."

अक्कांनी आधी श्वास गोळा केला. "सोबत कोणी असतं तर त्यालाच चढवलं असतं, साहेब. पण तुम्ही तपासलंतच, तर तेवढं लिहून सही करा. खाली डॉक्टरांना दाखवते."

साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं आणि अर्जावर शिक्का मारला.

जिना उतरताना अक्कांना हसू आलं. घरी जाऊन हे कुणाला सांगायचं, ते मात्र सुचेना.