नेफा न उसवता

मिरजेच्या जैनब शिकलगारच्या आजोबांनी तलवारींना धार लावली होती, बापानं कात्र्यांना. जैनब शस्त्रक्रियेची हत्यारं घडवायची. दोन वर्षं खपून तिनं एक बारीक हत्यार केलं होतं. पाठीला बोटभर छेद द्यायचा आणि मणक्यांत बसवलेल्या स्क्रूंच्या डोक्यांतून, कातडीखालूनच, आधाराची सळई ओवायची. पाठ फार कापली नाही, तर रोगी लवकर उठून चालू लागेल.

पण इस्पितळात शब्द चालायचा तो डॉ. परचुऱ्यांचा. भर बैठकीत त्यांनी ते हत्यार काडीसारखं दोन बोटांत धरलं.

"बाई, पाठ वीतभर उघडल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. न बघता सळई ओवणारा एक माणूस दाखवा, उद्यापासून हेच वापरतो!"

"दाखवते. साहेब, घरी लेंगा घालता ना? नाडी निघाली तर नेफा उसवता?"

"छे! पिन लावायची आणि चाचपत सरकवायची. मी स्वतःच घालतो."

"आतली पिन दिसते?"

"दिसायला कशाला हवी? बोटांना कळतं..." डॉक्टरांची नजर हातातल्या हत्यारावर गेली.

जैनबनं सोबत आणलेला, चार स्क्रू बसवून रेक्झिननं झाकलेला लाकडी कणा पुढे सरकवला. डॉक्टरांनी हत्यार आता नीट मुठीत धरलं. दुसऱ्या हातानं रेक्झिनवरून चाचपत त्यांनी सळई चारही स्क्रूंतून पार नेली.

"सापडला की साहेब, माणूस!" जैनब म्हणाली.