भिंगरी परत येईना

भिंगरी पळाली की हाकेला परत येत नसे, आणि हिंगणमाळच्या रणधीरराव सरकारांना नेमकी हीच गोष्ट सहन होत नसे.

भिंगरी म्हणजे सरकारांची कारवानी कुत्री. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. ससा दिसला की अशी सुटायची, की बघणाऱ्यानं मान वळवेपर्यंत ती पलीकडच्या गावात. मग सरकार रिकिबीत उभे राहून गळा फाटेस्तोवर हाका मारत. त्यांच्यामागून चोपदारही हाका मारी. भिंगरी लांब टेकाडावर उभी राहून सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेई. दिवस कलला की भुकेनं कळवळून आपणहून येई, आणि आली रे आली की सरकार स्वतःच्या हातानं तिला पाच चाबूक मारत. उशीर केल्याबद्दल! वर गळ्यात साखळी. दरबारी माना डोलावून म्हणत, "शिस्त असावी तर अशी."

एकदा शेजारच्या संस्थानिकांचं शिकार बघायला यायचं ठरलं. सरकारांनी शिकारखान्यात कुत्री सांभाळणाऱ्या येसबाला समोर उभं केलं.

"आठ दिवस देतो. पाहुण्यांसमोर भिंगरी मोकळी सोडायची. ती सशामागे पळेल आणि एका हाकेला परत येईल. नाही आली, तर तू बायकापोरांसकट माझ्या हद्दीबाहेर."

येसबानं मुजरा तेवढा केला. सशामागे लागलेली कारवानी हाकेला फिरते, असं त्यानं तीस वर्षांत कुणाकडून ऐकलंसुद्धा नव्हतं. बोलली ती त्याच्यामागं उभी असलेली त्याची थोरली लेक राही. कुत्र्यांच्या भाकऱ्या तीच थापायची आणि बापापेक्षा दहा शब्द जास्तच बोलायची.

"येईल ती, सरकार. फक्त हे आठ दिवस तिला राजवाड्यातल्या कुणी हाक मारायची नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"मला अट घालतेस?"

"अट कसली? तेवढाच सरकारांच्या गळ्याला आराम."

दुसऱ्या दिवसापासून राही भिंगरीला लांब दोर बांधून माळावर नेऊ लागली. "ये गं भिंगरी" म्हणायची. ती आली की पदराखालून मटणाचा तुकडा, पाठीवरून हात, आणि लगेच पुन्हा "जा!" दिवाण काशीपंत मुद्दाम बघायला आले आणि कपाळाला हात लावून परतले. "पोरीला खूळ लागलंय. हाती आलेलं जनावर पुन्हा सोडून देते!" पाचव्या दिवशी राहीनं दोरही काढला. येसबाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

नववा दिवस उजाडला. माळावर तंबू, गाद्या, पाहुणे, अत्तर. हाकाऱ्यांनी ससा उठवला आणि भिंगरी सुटली.

"मार हाक," सरकार म्हणाले.

राहीची नजर सशावर.

"मार म्हणतो ना!"

राही जागची हलेना. येसबा डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. तेवढ्यात ससा बोरीच्या जाळीत घुसला. भिंगरी थबकली आणि मान उंच करून इकडेतिकडे बघू लागली. त्याच क्षणी राही ओरडली, "ये गं भिंगरी!" आणि उलट्या दिशेनं पळत सुटली. पळणारं काही दिसल्यावर भिंगरी थोडीच थांबते! ती वळली, निम्मा माळ तुडवून आली आणि राहीच्या पदरात तोंड खुपसून उभी राहिली.

पाहुण्यांनी वाहवा केली. सरकार मात्र फुगले.

"ही लबाडी आहे. ससा दिसेनासा होईपर्यंत तू थांबलीस."

"ती डोळ्यांनी शिकार करते, सरकार. ससा दिसतोय तोवर तिला कान नसतात. सरकार ताटावर असताना दिवाणजी तरी कागद पुढे करतात का? हात धुवेपर्यंत थांबतातच की."

पाहुणे हसले, म्हणून सरकार आणखी चिडले. "कुत्री माझी आहे. माझ्या हाकेला आली पाहिजे. भिंगरी!"

भिंगरीनं शेपटी पायांत घातली आणि चार पावलं मागं सरकली.

"झालं. येसबा, बांध गाठोडं."

येसबाला रडू फुटलं. राही मात्र दोन पावलं पुढे आली. "गाठोडं बांधतो, सरकार. पण इथं तुमची पन्नास माणसं उभी आहेत. कुणालाही हाक मारा. पहिल्या हाकेला एक जरी धावत आला, तर आम्ही उन्हं उतरायच्या आत हद्द ओलांडतो."

"एक? सगळे येतील!" सरकार गरजले, "काशीपंत!"

आता हिंगणमाळात सरकार हाक मारून बोलावत ते केवळ खरडपट्टी काढायला. शाबासकी कधी द्यायचीच झाली, तर कारकुनाकरवी. त्यामुळे वीस पावलांवरच्या काशीपंतांच्या जोड्यात एकाएकी खडा गेला. ते खाली बसून जोडा काढू लागले.

"सेनापती!"

सेनापतींना घोड्याच्या खुरात काहीतरी फारच महत्त्वाचं दिसलं.

"मेव्हणे!"

मेव्हणे आत्ता तर इथंच होते. आता तंबूच्या कनातीखाली त्यांची नुसती पावलं दिसत होती.

पाहुण्यांनी तोंडात उपरणं कोंबलं. सरकारांचा चेहरा लालबुंद झाला. "वीस-वीस वर्षं माझं अन्न खातात हे लोक!"

"मग आमचा एवढा काय गुन्हा, सरकार?" राही म्हणाली. "मला एकच कुत्री मिळाली होती, आणि आठच दिवस. दरबार हाताखाली दिलात तर वर्ष लागेल. आणि मटण किती लागेल, ते कोठीवाल्यांना विचारायला हवं."

मग सरकारांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते असे खदखदून हसले की पागोटं सावरायला दोन माणसं धावली. न बोलावता!

"येसबा कुठंही जात नाही," सरकार डोळे पुसत म्हणाले. "राही, इकडे ये."

राही तिथंच उभी राहिली. "आधी काय देणार ते सांगा, सरकार."

सरकार पुन्हा हसायला लागले. "येसबाला पाच बिघे इनाम, आणि तुझ्याकडे सगळ्या शिकारखान्याचा कारभार. आता येशील?"

राही धावत गेली.