टिपणीस सरांचे चौदा आधार

चित्रकलेच्या कॉलेजात टिपणीस सरांपुढे कुणाचं काही चालत नसे, बरं का. आमच्या वैजूचा प्रकल्प होता इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या एका चित्रावर. सर म्हणत, ते तिथल्या एका नामवंत गुरूनं काढलं. वैजूनं तिथल्या संग्रहालयाला लिहून ते चित्र काढून घेण्याचा जुना करारनामा मिळवला, तर त्यावर नाव त्या गुरूच्या शिष्याचं!

तोंडी परीक्षेला सर लेकीचं लग्न ठरल्याचे पेढे घेऊनच आले. करारनामा बाजूला सारून म्हणाले, "माझं पुस्तक वाच. मागे चौदा आधार दिलेत. शिष्याचं नाव खोड, नाहीतर नापास!"

बाहेरगावच्या परीक्षक बाई पेढा खात होत्या.

वैजूनं विचारलं, "सर, जावयाची चौकशी कुठे केलीत?"

"शेजारी, ऑफिसात, अगदी दूधवाल्याकडेसुद्धा!" सर फुशारले.

"मुलाच्या आईला विचारून भागलं नसतं?"

"वेडी का गं तू? आई कधी लेकाला नावं ठेवील?"

"तेच तर, सर. पुस्तक वाचलंय मी; तुमचे चौदाही आधार म्हणजे तुमचेच लेख. म्हणून मी शेजारी विचारून आले."

परीक्षक बाईंना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी आधी 'उत्तीर्ण' लिहिलं, मग पेढ्यांचा पुडा वैजूपुढे सरकवला.