खालून उचललेला खडा

"शंभर पावलं राहिली आणि माणूस माघारी फिरला, तर ते शिखर धरायचं की नाही, बाबा?"

कळसूबाईच्या पायथ्याशी येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजणारे धावजीबाबा रांजण भरत होते. रांजण डुगडुगत होता. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण फिरला?"

श्रीनिवास दाबके खांद्यावरच्या पिशवीचा बंद चाळवू लागले. असामी तशी नावाजलेली! गाडी काढायची, एकेका राज्याचं सगळ्यांत उंच टोक गाठायचं, तिथला खडा आणायचा आणि मग वर्षभर लोकांना पिडायचं, हा त्यांचा नाद. सोळा राज्यं झाली होती. आज घरचं, महाराष्ट्राचं. मागच्या गाडीत मित्रमंडळी, हार आणि 'सतरा शिखरं सर' असा हा भलामोठा फलक.

"मीच फिरलो," ते कसेबसे म्हणाले. "गेल्या वर्षी, पार ईशान्येला. तीन दिवस गाडी हाणली. रस्ता संपला, मग पायी. वरून धुकं उतरलं आणि... भ्यालो, बाबा. खालूनच खडा उचलला आणि शिखरांवरून आणलेल्या बाकीच्या खड्यांत टाकला. घरी खोटं सांगितलं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही."

"खडे कुठायत?"

दाबक्यांनी पिशवी ओट्यावर रिकामी केली.

"ह्यातला तो कुठला?"

दाबक्यांनी झटकन उचलला. काळपट, एका अंगाला टवका उडालेला.

"ह्याचं सांग."

दाबके बोलत सुटले. बरोबरच्या ड्रायव्हरनं आपल्या पंच्याचं टोक हातात देऊन धुक्यातून कसं उतरवलं... शेवटच्या घरातल्या म्हातारीनं पाय गरम पाण्यात कसे बुडवले, आणि भाषा कळत नसताना कसं यथेच्छ झापलं...

"आता ह्या पंधरांचं."

दाबक्यांनी एक उचलला. ठेवला. दुसरा उचलला.

"हा राजस्थानचा... का कर्नाटकाचा?" त्यांनी तोही खाली ठेवला. "वर दहा मिनिटं थांबायचो हो. फोटो काढला की खाली."

बाबा खुदकन हसले. मग दाबक्यांनाही हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तसेच उठले आणि गाडीकडे तोंड करून ओरडले, "अरे, फलकावरचा आकडा चुकलाय! एका ठिकाणाहून मी पळून आलो होतो!"

सगळ्यांच्या माना फलकाकडे वळल्या.

"आयला, दाबके!" कुणीतरी ओरडलं. "मग पुन्हा जाऊ की! ह्या खेपेला आम्हालाही न्या!"

छातीवरची धोंड उतरली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! दाबके दोन तांबे पाणी घटाघटा प्यायले.

वळून बघतात तर बाबांनी पंधराही खडे रांजणाच्या बुडाशी सारलेले. रांजण आता हलत नव्हता.

उरलेला खडा बाबांनी दाबक्यांच्या तळहातावर ठेवला.

"ह्याला तेवढं त्याच्या शिखरावर ने, लेका. त्याचं चढायचं राहिलंय."