करारात नसलेलं घर

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. त्याचं नाव केरबा. भोळा म्हणजे किती भोळा, तर एकदा पाटलीणबाई म्हणाल्या, "केरबा, घरात लगीन हाय. डोळ्यांत तेल घालून दळ बाबा." केरबाने घातलं. करडईचं होतं. मग त्याला पुढचं दिसेना, आणि पाटलांचे गहू नि सुताराचे हरभरे एकत्र दळले गेले. त्या लग्नातल्या पोळ्यांची चर्चा गावात अजून निघते.

पण माणूस प्रामाणिक. ज्याचं दळण त्याच्या डब्यात, आणि दिवस मावळायच्या आत त्याच्या घरी. दुसऱ्याचं मूठभर पीठ जरी गिरणीत मागे राहिलं तरी केरबाला जेवण जात नसे.

केरबाची बायको हौसा. ती हुशार होती. नवराबायको गिरणीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहत. तिथं सगळ्यावर पीठ. भांड्यांवर पीठ, अंथरुणावर पीठ, देवांच्या डोक्यावर पीठ. हौसा दिवसभर खोकायची. तिचं म्हणणं एकच होतं. "मला एक घर बांधा. तिथं पीठ फकस्त परातीत असाया पायजे."

केरबाने गाठीला बांधलेलं सगळं काढलं. हौसाच्या हातात आईने दिलेल्या दोन पाटल्या होत्या, तेवढ्या अडीनडीला ठेवल्या. आणि तालुक्याहून रंगराव ठेकेदार आला.

रंगरावाच्या कानामागे पेन्सिल असे आणि तोंडात साखर. तो सगळ्यांना 'मालक' म्हणायचा. त्याने करार लिहिला. करार छोटा होता. 'घर बांधून देणे', आणि खाली रक्कम.

"मालक, तुमी आता निर्धास्त ऱ्हावा," रंगराव म्हणाला. "ह्ये घर मी माझंच समजून बांधणार."

केरबाला गहिवरून आलं. एवढा मोठा ठेकेदार, आणि आपल्यासाठी किती जीव टाकतोय!

पाया खणून भरून झाला. रंगराव गिरणीवर आला. त्याने कानामागची पेन्सिल काढली.

"मालक, जमीन भुसभुशीत निघाली. पाया लई खोल न्यावा लागला. दगड जादा गेला."

"करारात हाय न्हवं?"

"करारात पाया हाय. खोल पाया न्हाई. त्यो जादा."

"बघाया मिळंल का?"

"आता कसा बघणार मालक? त्यो गाडला."

केरबाला ते पटलं. गाडलेलं कसं दिसणार? त्याने पैसे मोजून दिले.

हौसाने कपाळावर हात मारला. "अवो, जमिनीत त्यानं दगड पुरलं का धोंडं, कुणाला ठावं? ध्यानात ठेवा. जे डोळ्याला दिसत न्हाई त्याचं पैसं द्यायचं न्हाईत."

"आता चुकायचा न्हाई," केरबा म्हणाला. आणि तो खरोखरच ते विसरला नाही. तीच तर अडचण होती.

भिंती उभ्या राहिल्या. रंगराव मोरीचा पाइप घेऊन आला. हा पाइप करारातला होता, जादा काही नव्हतं.

"ह्यो कुठं बसवनार?" केरबाने विचारलं.

"जमिनीखालनं. मोरीपासनं गटारीपतूर."

"दिसंल का?"

"न्हाई मालक. दिसला तर घाण वाटंल."

"मग मी त्याचं पैसं द्यायचा न्हाई! मला दिसनारा पाइप पायजे."

असं गिऱ्हाईक रंगरावाला जन्मात भेटलं नव्हतं. मग त्याचा हात आपोआप कानामागे गेला.

"दिसनारा पाइप करारात न्हाई, मालक. त्यो जादा."

"जादा असंना! पर डोळ्याला तर दिसंल!" केरबा खूश होऊन म्हणाला.

हौसा घर बघायला गेली तेव्हा मोरीचा पाइप बाहेरच्या खोलीच्या मधोमध, कमरेएवढ्या उंचीवरून, समोरच्या भिंतीतून बाहेर गेलेला होता. केरबा त्याच्याकडे कौतुकाने बघत उभा होता. येणाराजाणारा त्याच्याखालून वाकून जाई, त्यामुळे सगळे आपल्याला नमस्कार करतात असं त्याला वाटत होतं.

पाइप काढावा लागला. काढण्याचे जादा. भिंतीतलं भोक बुजवण्याचे जादा. परत जमिनीत पुरण्याचे, ते तर जादाच.

हौसा चिडली. "बसवलेलं काढलं की दोनदा पैसं जात्यात! आता कायबी हू दे, एकदा बसवलेलं कुणाला काढू द्यायचं न्हाई. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला.

मग स्लॅब पडला. स्लॅब वाळेपर्यंत त्याला खालून फळ्या आणि बल्ल्यांचा टेकू देतात. पुरता वाळला की बल्ल्या काढून नेतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. केरबालाही माहीत होतं. पण आता त्याच्याकडे हौसाचा सल्ला होता.

बल्ल्या काढायला गडी आले, तर केरबा दारात आडवा झोपलेला.

"बसवलेलं काढायचं न्हाई! माझ्या अंगावरनं जावा!"

गड्यांनी रंगरावाला बोलावलं. रंगरावाने समजावून बघितलं, निदान तसा आव तरी आणला. मग म्हणाला, "तुमची मर्जी, मालक. पर बल्ल्या भाड्याच्या हाईत. ठरल्या दिसांपुढचं भाडं करारात न्हाई. रोजच्या रोज जादा लागंल."

"लागू दे! मी काढू देनार न्हाई!"

तेव्हा हौसा माहेरी गेली होती, भावजयीच्या बाळंतपणाला. ती परत आली आणि नवं घर बघायला गेली, तर आत जंगल. बल्ल्यांतून वाट काढत, पदर सोडवत ती कशीबशी स्वयंपाकघरात पोचली. जिथं चूल मांडायची तिथं तीन बल्ल्या होत्या. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "हौसाबाई, बांबूचं बेट लावलंय व्हय गं?"

बल्ल्या निघाल्या, पण त्या भाड्यापायी हौसाची एक पाटली गेली. तिने ती हातातून काढून दिली. केरबाच रडला. त्याला वाईट वाटलं होतं, फक्त कशाचं वाटायला हवं ते त्याला कळत नव्हतं.

"रडू नगासा," हौसा म्हणाली. "फकस्त ऐका. भाड्याची वस्तू म्हंजे दुसऱ्याची वस्तू. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडं ऱ्हायली की ती रोज पैसं खाती. ज्याची त्याला तवाच्या तवा द्यायची."

हे तर केरबाच्या गिरणीचंच धोरण होतं. त्याचा चेहरा उजळला.

दुसऱ्याच दिवशी रंगारी आला. त्याने शेजारच्यांची शिडी मागून आणली, वर सज्ज्यावर चढला आणि भिंत रंगवू लागला. केरबा आला. त्याने शिडी बघितली. शिडीवर शेजारच्यांचं नाव होतं. केरबाने शिडी खांद्यावर टाकली आणि परत नेऊन दिली. मग गिरणी सुरू करून तो दळायला लागला.

रंगारी सज्ज्यावर बसून ओरडत होता. गिरणीच्या घरघरीत केरबाला काही ऐकू आलं नाही. दिवस कलला तेव्हा हौसाने त्याला उतरवलं. रंगाऱ्याने रंगाचे पैसे घेतले, आणि वर बसण्याचे वेगळे.

केरबा म्हणाला, "बसायचं कशापायी द्यायचं?"

"आपल्यापायी मानसाचा खोळंबा झाला," हौसा दमून म्हणाली. "आपल्यापायी दुसऱ्याला तोशीस पडली तर कुरकुर करू नये. हातात असंल ते देऊन मोकळं व्हावं."

"आता चुकायचा न्हाई," केरबा म्हणाला.

आणि घर झालं! वास्तुशांत झाली, जेवणावळी उठल्या. हौसा आपल्या नव्या स्वयंपाकघरात उभी होती. ओट्यावर पीठ नव्हतं. देवांच्या डोक्यावर पीठ नव्हतं. तिने बोट फिरवून बघितलं, बोट स्वच्छ निघालं. तिला इतकं बरं वाटलं की तिने डोळ्यांना पदर लावला. मग तिने नव्या चुलीवर दूध ठेवलं. नव्या घरात दूध उतू जाऊ देतात, म्हणजे घरात काही कमी पडत नाही. दुधात पडेल म्हणून तिने सैल झालेली शेवटची पाटली काढली आणि केरबाच्या हातात दिली.

"जरा धरा," ती म्हणाली. शहाण्या बायकांच्या हातूनही कधीतरी चूक होतेच.

केरबा पाटली मुठीत धरून अंगणात आला. रंगराव पुरणपोळी चापून पान खात बसला होता. पोट भरल्यावर ठेकेदारालाही माया येते.

"मालक," रंगराव म्हणाला, "आता हिशेब मिटला. पर मनातलं सांगतो. मी बोललो तसं केलं. ह्ये घर मी माझंच समजून बांधलं बघा."

केरबा जागच्या जागी थिजला.

"तुमचं?"

"माझंच!" रंगराव छातीवर हात ठेवून म्हणाला.

"पयल्यापासनं?"

"पायाच्या पयल्या दगडापासनं!"

केरबाला घाम फुटला. दुसऱ्याची वस्तू! बल्ल्या नाही, शिडी नाही, अख्खं घर! आणि आपण सगळा गाव आत जेवायला घातला! तो धावत गेला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि रंगरावाच्या हातात ठेवली.

"घ्या मालक, तुमचं घर. मला आधी कळलं न्हाई, माफी करा."

रंगरावाने किल्लीकडे बघितलं, केरबाकडे बघितलं. त्याने चाचपून कानामागची पेन्सिल काढली. सवय ती सवय.

"पर केरबा," तो म्हणाला, "बांधल्यालं घर परत घेनं आपल्या करारात न्हाई."

"मग?"

"त्ये जादा."

आपल्यापायी माणसाला केवढी तोशीस! केरबाने अजिबात कुरकुर केली नाही. हातात होतं ते दिलं आणि मोकळा झाला.

आत दूध उतू गेलं. हौसाने हात जोडले, आणि हसत हाक मारली, "अवो, आत या! आनि माझी पाटली आना!"

केरबा उंबऱ्याबाहेरूनच ओरडला, "हौसा, चूल इझीव आनि भाईर ये बिगीबिगी! रंगराव लई भला मानूस निघाला. पाटली घिऊन घर परत घेतलं, पर आजच्या दिसाचं भाडं सोडलं त्यानं!"