मागे सरणारं पाणी

एक होता डुमिंग. राजा नव्हता हं तो, पण आपल्या केळीच्या वाडीतून असा ऐटीत चालायचा, की बघत राहावं! शेजारी नातालबायची वाडी. नवरा वारलेला, एकटी बाई. दोघांच्या विहिरींना झरा एकच. आधी डुमिंगच्या विहिरीत यायचा, मग तळच्या मोठ्या भोकातून नातालबायच्या विहिरीत जायचा.

एका उन्हाळ्यात डुमिंगनं काय केलं? तळाशी उतरला आणि त्या भोकावर भलामोठा दगड लोटला. मेल्याला लाज नाही वाटली! नातालबायची विहीर आटली. केळी वाळल्या. बिचारी लांबून हंडे आणायची, आणि हा ओट्यावर बसून बघायचा.

मग आला रविवार. चर्चच्या दारात पवित्र पाण्याचं भांडं असतं ना, त्यात डुमिंगनं बोटं घातली. आणि पाणी मागे सरलं. बोटं पुढे, पाणी मागे. घरी येऊन पेला उचलला, तर पाणी पलीकडच्या बाजूला चिकटून बसलं. शहाळं फोडलं, तर आत कोरडं. आता हा जगणार कसा?

पहिल्या दिवशी त्यानं चर्चला चांदीचे दिवे दिले. पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी गुडघे टेकून दिवसभर रोझरीची माळ जपली. "प्रभू, माझा तुझ्यावर विश्वास आहे," म्हणाला. पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी जीभ सुजली. मग मात्र घाबरला. फादरांपाशी गेला, सगळं सांगून रडला. खरंच रडला, बरं का. पण गालावर आलेले आसू उलटे वर चढले आणि डोळ्यांत शिरले.

फादर म्हणाले, "डुमिंग, दगड अजून तिथंच आहे ना रे?"

मग तो नातालबायकडे गेला. भर दुपार, वाडीत पानसुद्धा हलत नव्हतं. "बाय, तुझं पाणी मी अडवलं," म्हणाला. तिनं डोक्यावरचा हंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? जा, दगड काढ. मी काठावर बसते."

डुमिंग विहिरीत उतरला. तो एक पायरी खाली, पाणी एक पायरी खाली. तळाशी पोचला, तर आणखी खाली जायला जागा नाही, म्हणून सगळं पाणी भिंतींना धरून त्याच्या डोक्याच्या वर चढलेलं. आवाज नाही. हालचाल नाही. नुसतं त्याच्याकडे बघत उभं. त्यानं दगडाला हात घातला आणि त्याला कळलं, दगड निघाला की पाणी अंगावर येणार. आलं तर माफी झाली. आणि आलं तर तो बुडाला.

त्यानं क्रुसाची खूण केली. "प्रभू, आता तुझ्या हवाली," म्हणाला, आणि दगड ढकलला.

धप्प! नातालबायला वरून नुसते बुडबुडे दिसले. मग तेही थांबले. बाई ओरडली, "डुमिंग! अरे डुमिंग!" तेवढ्यात तिच्या वाडीतून गडगड आवाज आला. धावत गेली. तिची आटलेली विहीर भरत होती, आणि पाण्यानं डुमिंगला त्याच भोकातून ओढून इकडे आणलं होतं. तिनं दोर टाकला, वर ओढलं. ओंजळ भरून त्याच्या तोंडाशी धरली. पाणी थरथरलं. थांबलं. आणि गेलं घशाखाली.

मग दोन्ही वाड्या हिरव्या झाल्या, आणि दोघं शेजारी सुखानं राहिले. झाली गोष्ट, मिटा डोळे. रेजी, तू नको मिटूस. धाकटीची रिबीन तुझ्या उशीखाली आहे, मला माहीत आहे. जा, तिच्या हातात देऊन ये. मी कंदील धरते.