चिमी उंदरीण आणि दमलेली बॅटरी

एक होती उंदरीण. नाव तिचं चिमी. तिला एकच बाळ. इवलंसं, गुलाबी. झाडाखाली बीळ, बिळात बाळ.

एकदा चिमी दाणा आणायला गेली. इकडे सगुणामावशीची गाडी सुरू होईना. मग मावशीने आणि शेजाऱ्यांनी ती ढकलली. ढकलत ढकलत झाडाच्या सावलीत आणून ठेवली. आणि सगळे घरी गेले.

तुरुतुरु तुरुतुरु चिमी आली. बघते तर काय, बिळाच्या तोंडावर चाक. आतून आवाज आला, "चिक्."

चिमीच्या तोंडातला दाणा पडला. तिला रडू आलं. रडू गिळून ती चाकाशी गेली.

"चाकोबा, चाकोबा, हल ना रे. बाळ बाहेर येईना."

चाक म्हणालं, "गाडी सुरू झाली तर मी हलेन."

तुरुतुरु तुरुतुरु चिमी गाडीकडे गेली.

"गाडीताई, गाडीताई, सुरू हो ना गं. चाक हलेना, बाळ बाहेर येईना."

गाडी म्हणाली, "बॅटरी जागी झाली तर मी सुरू होईन."

तुरुतुरु तुरुतुरु चिमी गाडीच्या पोटात शिरली. तिथे अंधार. अंधारात बॅटरी.

"बॅटरीआजी, बॅटरीआजी, जागी हो ना गं. गाडी सुरू होईना, चाक हलेना, बाळ बाहेर येईना."

बॅटरी खूप म्हातारी. हळूहळू बोलली. "दसऱ्याला मावशीने पूजा केली. माझ्यावर कुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं. तेव्हापासून गाडी नुसती उभी. माझ्या अंगावर मळ साठला. ब्रशने घासलं तर मी जागी होईन. पण एकदाच हं, बाळा. पुन्हा नाही."

तुरुतुरु तुरुतुरु चिमी ब्रशाकडे गेली.

"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, घास ना रे. बॅटरी जागेना, गाडी सुरू होईना, चाक हलेना, बाळ बाहेर येईना."

ब्रश म्हणाला, "पाणी तापलं तर मी घासेन."

तुरुतुरु तुरुतुरु चिमी पाण्याकडे गेली.

"पाणोबा, पाणोबा, ताप ना रे. ब्रश घासेना, बॅटरी जागेना, गाडी सुरू होईना, चाक हलेना, बाळ बाहेर येईना."

पाणी म्हणालं, "मावशीने गॅस लावला तर मी तापेन."

तुरुतुरु तुरुतुरु चिमी मावशीकडे गेली.

"मावशी, मावशी, गॅस लाव ना गं. पाणी तापेना, ब्रश घासेना, बॅटरी जागेना, गाडी सुरू होईना, चाक हलेना, बाळ बाहेर येईना."

मावशी म्हणाली, "बॅटरीवरचं पूजेचं कुंकू मी कसं धुऊ? मला नाही जमायचं."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. चिमी तिथेच उभी राहिली.

"मावशी, बाळ एकटं आहे गं."

मावशी उठली. झाडाखाली आली. जमिनीला कान लावला. आतून आवाज आला, "चिक्." अगदी बारीक.

मावशीने गाडीचं झाकण उघडलं. तिने बॅटरीला हात जोडले. चुकले मी, म्हणाली.

मग मावशीने गॅस लावला. पाणी तापलं, बुडबुड बुडबुड. पाण्यात सोडा पडला, फसफस फसफस. मावशीने आधी काळी तार सोडली, मग लाल. ब्रशने घासलं, खसखस खसखस. कुंकू गेलं. मळ गेला. मावशीने फडक्याने सगळं कोरडं पुसलं. आधी लाल तार लावली, मग काळी. बॅटरी जागी झाली. मावशीने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, घर्र घर्र. चाक हललं. सावकाश, अगदी सावकाश.

बीळ उघडलं.

बाळ बाहेर आलं. मातीने माखलेलं. चिमीने त्याला पोटाशी धरलं. कितीतरी वेळ सोडलंच नाही.

गाडी थांबली. चिमी बाळाला घेऊन वर चढली. "बॅटरीआजी, हे बघ माझं बाळ."

आजी बोलली नाही. तिने सांगितलंच होतं. चिमी जराशी रडली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने जुनी बॅटरी उचलून नेली. नवी बॅटरी बसवली. मावशीने पूजा केली, पण कुंकू लावलं ते बाहेर, गाडीच्या कपाळाला.

आता दर रविवारी मावशी गाडी फिरवून आणते. पण आधी वाकते. चारही चाकांखाली बघते. मगच किल्ली फिरवते.

चिमीचं बाळ चिमीपाशी, माझं बाळ माझ्यापाशी.